पाचवा उद्गार

आमच्या मंडळीत गुड फ्रायडेला सात जण बोलतात. प्रभूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेक माणूस, बारा ते तीन. मधे मधे गीतं. चर्चमध्ये पंखे आहेत, पण एप्रिलमध्ये नगरचे पंखे फक्त इकडची गरम हवा तिकडे करतात. बहुतेकांचा उपास असतो. त्यामुळे बोलणाऱ्यानं आटोपतं घ्यावं अशी सगळ्यांची मनापासून प्रार्थना असते, आणि ती सहसा ऐकली जात नाही.

कोणाला कुठला उद्गार द्यायचा हे पाळकसाहेब ठरवतात असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ते फार पूर्वीच ठरून गेलंय. पहिला क्षमेचा, तो एका वकिलांकडे. तिसऱ्यात आई येते, म्हणून तो बाईमाणसाला. आम्ही बायका वर्षानुवर्षं आळीपाळीनं तिसऱ्यावरच बोलत आलोय. बाकीच्या सहांत आमचं काही काम नाही असा समज आहे. पाचवा तहानेचा, 'मला तहान लागली आहे' एवढाच. तो एका निवृत्त हेडमास्तरांचा. ते बोलताना समोर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवायचे. मधूनच तो उचलायचे, उजेडात धरायचे, आणि न पिता खाली ठेवायचे. उपाशी लोकांना तहान समजावून सांगायला आणखी काही लागत नसे.

या वर्षी हेडमास्तर मोतीबिंदू काढायला मुलाकडे पुण्याला गेले. पाळकसाहेबांचा मला फोन आला. "सिस्टर, पाचवा तुम्ही घ्या. तहानलेल्याला पाणी पाजायचं काम तुमच्याइतकं आपल्यात कोणी केलंय?"

हे खरं होतं, म्हणून मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

मी नर्स होते. मिरजगाव, कर्जत, मग नगर, अशी सरकारी दवाखान्यांत सगळी नोकरी गेली. आता नागापूरला, एमआयडीसीच्या मागच्या बाजूला, एका लहानशा इमारतीत वरच्या मजल्यावर आम्ही दोघं राहतो. मुलगी सासरी, लांब. गल्लीत मला सगळे सिस्टरच म्हणतात. कोणाचं इंजेक्शन, कोणाचं बीपी, कोणाच्या पायाची पट्टी. मी पैसे घेत नाही. कोणी आजारी पडलं की डबा घेऊन जाते. ख्रिस्तासारखं वागायचं म्हणजे काय, याबद्दल मला कधी शंका नव्हती. द्यायचं. घेणारे पुष्कळ असतात, त्यांची काळजी करावी लागत नाही.

राग मात्र मला लवकर येतो. हा गुण त्यात बसत नाही हे मला कळतं. पण प्रभूनंही मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकले होते, त्यावर मी बरीच वर्षं भागवलं.

मागच्या श्रावणात आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हे कारखान्यात लेथवर टर्नर होते. आधीपासूनच मोजकं बोलायचे, त्यामुळे आजारानं त्यांच्या बोलण्यातलं फार काही नेलं नाही. उजवा हात मात्र नेला, आणि उजवा पाय अर्धा.

त्या संध्याकाळी ॲम्ब्युलन्स वेळेवर आली. माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली, ह्यांना घेऊन जिना उतरली आणि खाली अडकली. जिन्याच्या तोंडाशी मोटारसायकल उभी होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या टेम्पोवाल्याची. तो पाथर्डीकडचा, कांद्याचं भाडं घेऊन मिरजगावला गेलेला, गाडीला लॉक, किल्ली त्याच्या खिशात. शेवटी चार जणांनी गाडी उचलून बाजूला ठेवली. त्यात असा काय वेळ गेला असेल? मी नर्स आहे. तेवढ्यानं हात जात नाही, हे मला माहीत आहे. पण स्ट्रेचरवर माझा नवरा होता, आणि त्या वेळी मी नर्स नव्हते.

ह्यांना घरी आणल्यावर मी जिन्यात उभी राहिले आणि त्या टेम्पोवाल्याला सगळ्या गल्लीदेखत सुनावलं. तुझ्या गाडीनं माझ्या नवऱ्याचा हात खाल्ला, असं म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला, "चुकलं सिस्टर. पर तुमी येशूची मानसं ना? मंग इतकं इखारी कसं बोलता?"

चुकलं म्हणाला ते माझ्या कानावरून गेलं. पुढचं बरोबर आत शिरलं.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्याची बायको लेकराला सुई टोचायला दुसरीकडे नेऊ लागली. दुसऱ्या दिवसापासून त्याची गाडी जिन्यापाशी दिसेना. तो ती रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली लावायचा. कडुनिंबाची सावली सकाळी असते, दुपारी नसते. गाडी दिवसभर उन्हात तापायची. मी खिडकीतून ती रोज पाहायचे आणि बरी अद्दल घडली म्हणायचे.

मंडळीतले लोक भेटायला यायचे. प्रार्थना करायचे, चहा घ्यायचे, आणि उठताना म्हणायचे, "सिस्टर, काही लागलं तर सांगा हं." मी म्हणायचे, "प्रभू सगळं पुरवतो." या वाक्याचा फायदा असा, की ऐकणारा निश्चिंत होऊन घरी जातो. पाळकसाहेबांनी एकदा भर उपासनेत माझं उदाहरण दिलं. म्हणाले, ही बहीण एवढ्या संकटातही कुणापुढे हात पसरत नाही, उलट देतच राहते. ख्रिस्ताचा स्वभाव बघायचा असेल तर इथे बघा. मी मान खाली घातली. आतून बरं वाटत होतं. पाठ दुखत होती, कारण त्या दिवशी ह्यांना एकटीनं अंघोळ घातली होती.

तर, पाचवा उद्गार. मी पानं भरभरून लिहून काढलं. तापानं फणफणलेले रोगी, उन्हातानात पायपीट करून दवाखान्यात आलेल्या बाळंतिणी, त्यांच्या तोंडाला मी लावलेलं पाणी. सगळीकडे पाणी देणारी मीच होते. गुरुवारी संध्याकाळी ह्यांना समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "त्यानं... मागितलं."

"कोणी?"

"प्रभूनं. पाणी... मागितलं."

"मागितलं म्हणूनच तर द्यायचं. तेच सांगतेय की मी."

ह्यांनी मान हलवली. "कोणाकडं?"

"मधे मधे बोलू नका हो," मी म्हणाले. "माझा धागा तुटतो."

मी पानं नीट लावली. तेवढ्यात ते म्हणाले, "मला... यायचंय. उद्या."

घरी आणल्यापासून हे खाली उतरलेच नव्हते. लग्नाआधीपासून दर रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर बसून खालच्या सुरात गाणारा माणूस. आता रविवारी सकाळी खुर्ची खिडकीशी ओढून बसायचे आणि रस्ता बघायचे. स्वतःसाठी त्यांनी इतक्या महिन्यांत काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

"नेते," मी म्हणाले.

मंडळीतल्या तरुण पोरांना एक फोन केला असता तर चार जण धावत आले असते. हे मला माहीत होतं. त्यांनी जिना बघितला असता, ह्यांना बघितलं असतं, स्वयंपाकघराची अवस्था बघितली असती, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं असतं की सिस्टरला जमत नाहीये. शिवाय रोगी हलवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली मी. पोरांना त्यातलं काय कळतं?

शुक्रवारी सकाळी ह्यांची दाढी केली, पांढरा शर्ट घातला. मी पांढरी साडी नेसले. ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि जुन्या साडीनं खुर्चीला बांधलं. बेत सोपा होता. मी खालच्या पायरीवर, खुर्ची माझ्या अंगावर घ्यायची, एकेक पायरी उतरवायची, आणि खाली पोचलं की कोपऱ्यावरून रिक्षा बोलवायची. अशा कामाला दोन माणसं लागतात असं आम्हाला शिकवलं होतं. पण दवाखान्यात दोन माणसं होती कधी?

जिन्याच्या वळणापर्यंत आम्ही व्यवस्थित आलो. तिथे खुर्चीचा मागचा पाय कठड्याच्या गजांत अडकला. मी जोर लावला. खुर्ची हलली नाही, पण पुढचा पाय कडकन मोडला.

आता चित्र असं. हे खुर्चीला बांधलेले. खुर्ची माझ्याकडे कललेली. मी खालच्या पायरीवर, छातीनं आणि दोन्ही हातांनी खुर्ची तोलून धरलेली. गाठ सोडायला हात मोकळा नाही. बाजूला व्हावं तर हे खुर्चीसकट खाली. मोबाईल वर पर्समध्ये, आणि तो वाजत होता. पाळकसाहेब असणार, सिस्टर कुठवर आलात विचारायला. वाजून वाजून बंद झाला. बारा वाजून गेले होते. पहिला उद्गार सुरू झाला असेल, क्षमेचा.

मला ह्यांचाच राग आला. मग खुर्ची बनवणाऱ्याचा. मग पाळकसाहेबांचा, काही लागलं तर सांगा म्हणणाऱ्या झाडून सगळ्यांचा, आणि माझं उत्तर खरं मानून घरी जाणाऱ्यांचा. घाम डोळ्यांत जात होता. हातांतला जोर ओसरायला लागला तशी रागाची जागा भीतीनं घेतली. हा माणूस माझ्या हातून पडणार, आणि तोही आजच्या दिवशी.

ह्यांचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. डोळे मिटलेले. म्हणाले, "तहान... लागली."

"आत्ता?" मी म्हणाले.

उद्गार म्हणून नव्हते म्हणत. एप्रिलची भर दुपार होती, वर पत्रा होता, आणि सकाळपासून त्यांनी माझ्यासोबत उपास धरला होता. खरंच तहान लागली होती.

मग डोळे उघडून म्हणाले, "माग."

कोणाकडे मागायचं, हे विचारायची गरज नव्हती. इमारतीत भर दुपारी एकच दार उघडं होतं. खाली, जिन्याच्या तोंडाशी. आतून जेवणाच्या ताटांचा आवाज येत होता. ऊसतोडीचा हंगाम संपवून त्याचे दोन भाऊ आले होते, हे मला येण्याजाण्यावरून कळलं होतं. मी जिन्यावरून खाली पाहिलं. गाडी उभी असायची ती जागा स्वच्छ मोकळी होती. झाडलेली होती.

आदल्या संध्याकाळी ह्यांनी विचारलेलं मला तिथे कळलं. कोणाकडं? ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्याकडं. बहुतेक शिष्य पळून गेलेले. आई जवळ होती, पण द्यायला हात पोचत होता तो त्यांचाच. सगळ्या जगाला पाजणाऱ्यानं त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं की मला तहान लागलीय. आणि मी घरात पानं भरून लिहीत बसले होते की देणं किती थोर.

मला खिळे ठोकले म्हणायचं तर त्या बिचाऱ्यानं एक मोटारसायकल लावली होती. खिळे माझ्याच तोंडात होते. पण ते सगळं नंतर सुचलं. त्या वेळी फक्त त्याला हाक मारायला तोंड उघडत नव्हतं. भांडणाआधी मी त्याला दादा म्हणायचे.

"दादा," मी म्हणाले. कोणाला ऐकू जाण्याइतकं ते नव्हतंच. मग मोठ्यानं म्हणाले. "दादा, पाणी द्या जरा!"

ताटांचा आवाज थांबला. तो बाहेर आला, बनियनवर, उजवा हात खरकटा. त्यानं वर पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोलायचा त्याला हक्क होता. त्यानं हात पँटला पुसला आणि आत ओरडला, "या रं दोघं! पळा!"

एक भाऊ माझ्या बगलेतून वर सरकला, दुसऱ्यानं खालून खुर्ची धरली. त्याची बायको तांब्या घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून हात लांबवून तिनं ह्यांच्या तोंडाला लावला. हे घटाघटा प्यायले. अर्धं पाणी शर्टावर, थोडं माझ्या डोक्यावर.

"सोडा सिस्टर," तो म्हणाला.

मला सोडता येईना. बोटं आखडून गेली होती.

"सोडा की. धरलंय आमी."

त्याच्या भावानं माझी बोटं खुर्चीवरून एकेक करून सोडवली. "आमी उसाची मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढतो मावशी," तो म्हणाला. "काका तर लई हलकं हायेत. पडू देनार न्हाई."

मी पायरीवर बसले आणि रडले. दवाखान्यात इतकी वर्षं काढली, पण जिन्यात बसून कधी रडले नव्हते. त्याची बायको शेजारी बसली. तांब्यात उरलेलं पाणी तिनं माझ्यापुढे केलं. मी म्हणाले, माझा उपास आहे. ती बरं म्हणाली आणि तांब्या घेऊन बसून राहिली.

"कुठं निघाल्ता असं बांधून?" टेम्पोवाल्यानं विचारलं. मी सांगितलं. "आधी हाक मारायची व्हती," तो म्हणाला. "दार उघडंच व्हतं." आणि टेम्पो काढायला गेला.

आम्ही पोचलो तेव्हा चौथा उद्गार संपत आला होता. दोन ऊसतोड्यांनी चपला बाहेर काढल्या, ह्यांना त्यांच्या घरातल्या लोखंडी खुर्चीवर बसवून आणलं होतं तसंच उचललं, आणि चर्चच्या मधल्या वाटेनं आत आणलं. सगळी मंडळी मागे वळून बघत होती. चौथ्यावर बोलणारे गृहस्थ थांबले. त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. ह्यांना मागच्या बाकावर, त्यांच्या जुन्या जागी बसवलं. उजवीकडे कलतात म्हणून टेम्पोवाला त्या बाजूला टेकू देऊन बसला, बनियनवर घाईत शर्ट चढवलेला, बटणं खालीवर.

माझं नाव पुकारलं. उभी राहिल्यावर लक्षात आलं, लिहिलेली पानं पर्समध्ये आणि पर्स वर घरात. समोर पाण्याचा ग्लास होता. हेडमास्तर नसले तरी पाचव्या उद्गाराला ग्लास ठेवायचा, हे चर्चच्या शिपायाच्या हाताला पाठ झालं होतं. मी ग्लासकडे पाहिलं. मंडळीनं माझ्याकडे पाहिलं. मी तो उचलला आणि पिऊन टाकला.

बाकांवर कुजबुज झाली. काही बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

"त्यानं पाणी मागितलं," मी म्हणाले. "त्याच्या वाईटावर असलेल्यांकडे मागितलं, कारण जवळ तेच होते. मला वाटायचं त्याच्यासारखं व्हायचं म्हणजे नुसतं देत सुटायचं. आज मी मागितलं, आणि मला दिलं. मला पुढचं येत नाही."

आणि खाली बसले. पाचवा उद्गार इतक्या लवकर संपल्याचं आमच्या मंडळीत कोणाला आठवत नाही. पाळकसाहेबांना वेळ भरून काढायला एक जास्तीचं गीत घ्यावं लागलं. मागच्या बाकावरून खालचा सूर ऐकू आला. शब्द नव्हते, पण सूर बरोबर होता.

संध्याकाळी तिघा भावांनीच ह्यांना वर चढवलं. ते दारातून परत फिरले तेव्हा मी टेम्पोवाल्याला म्हणाले, "गाडी जिन्यापाशी लावत चला. उन्हानं सीट फाटते." मला याहून जास्त बोलायचं होतं. तो म्हणाला, "बघू."

शनिवारी ह्यांनी विचारलं, "उद्या... ईस्टर ना?" मी हो म्हणाले आणि करंज्या तळायला घेतल्या. डबा काठोकाठ भरला. हे खुर्चीतून बघत होते.

"कशाला?"

"खाली द्यायला. त्यांनी एवढं केलं. आणि उद्या पुन्हा तुम्हाला खाली न्यायला सांगायचंय ना."

"फिटलं... पाहिजे?"

मी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी डबा ओट्यावर ठेवला आणि खाली निघाले. दुसऱ्याच्या दारात जाताना माझ्या हातात कायम काहीतरी असायचं, डबा नाहीतर सुई नाहीतर बीपीचं यंत्र. रिकामे हात कुठे ठेवायचे हे कळेना, म्हणून पदर धरला.

जिन्याच्या तोंडाशी मोटारसायकल उभी होती. अंग चोरून तिच्या बाजूनं गेले आणि दार वाजवलं. त्याच्या बायकोनं उघडलं. सवयीनं तिची नजर आधी माझ्या हातांकडे गेली.

"काही आणलं नाही," मी म्हणाले. "मागायला आलेय."